पुण्याच्या उन्हाळ्यात नॉर्वेजियन एल्कहाउंडची निगा

मूस या अवाढव्य हरणाचा माग काढून, शिकारी येईपर्यंत त्याला भुंकून रोखून धरणारा हा नॉर्वेचा कुत्रा दुपदरी, दाट केसांचा असतो. पुण्यात हौसेखातर तो आणूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. परंतु तो घरात असेल, तर पारा ४० अंशांकडे झुकणाऱ्या एप्रिल-मे महिन्यांत त्याला फार जपावे लागते.

उकाडा वाढला म्हणून त्याचे केस भादरू नयेत, कारण वरचे राठ केस त्वचेला उन्हापासून वाचवतात. आतली मऊ लव गळू लागली की मान आणि मांड्यांमागचे केस हाताने विलग करून, त्वचा दिसेपर्यंत रोज विंचरावेत. गळालेली लव अडकून राहिल्यास त्वचेला हवा लागत नाही.

फिरायला पहाटेच न्यावे. टेकडीवर साखळी सोडू नये, कारण मोराच्या किंवा सशाच्या वासावर निघालेला हा कुत्रा हाकेला सहसा थांबत नाही.

धाप थांबेना, लाळ घट्ट झाली, हिरड्या गडद लाल दिसू लागल्या, तर त्याला तत्काळ सावलीत घ्यावे, अंगावर साधे गार पाणी ओतत पंखा लावावा आणि विलंब न करता पशुवैद्यांकडे न्यावे.