थंड पाण्यातील 'जेम्स बॅरी' पाहताना

स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांपाशी होक्सा साउंड या सामुद्रधुनीत १९६९ साली बुडालेला 'जेम्स बॅरी' हा हल बंदराचा मासेमारी ट्रॉलर सुमारे ४२ मीटर खोलीवर उजव्या कुशीवर पडलेला असल्याने, खोल डायव्हिंगचे प्रशिक्षण आणि ड्रायसूटचा (अंग कोरडे ठेवणाऱ्या डुबकीच्या पोशाखाचा) पुरेसा सराव असल्याशिवाय तेथे उतरू नये. भरती-ओहोटीचा प्रवाह मंदावतो त्या थोड्या वेळातच डुबकी साधावी. टाकीतील हवा श्वासासाठी पुरवणारा रेग्युलेटर थंड पाण्यासाठी बनवलेलाच हवा. वरच्या बाजूला आलेल्या डाव्या कुशीपासूनच पाहणी सुरू करावी, म्हणजे हवा वाचते. तेथील बोटांसारख्या मऊ प्रवाळावर टॉर्च जवळ धरल्यास आठ-आठ शुंडके पसरलेले इवले पॉलिप, म्हणजे प्रवाळाचे एकेक जीव, स्पष्ट दिसतात, आणि माझ्या मते या बोटीवरचे खरे वैभव तेच आहे. मात्र त्यांना हात लावू नये, आणि विशेष प्रशिक्षणाशिवाय बोटीच्या आत शिरू नये.