चार हजार रोपं, पाच आया

वन-अनुवंशशास्त्रात नव्याने येत असाल तर रोपं मोजू नका, आया मोजा; म्हणजे ज्या झाडांवरून बी घेतलं ती झाडं.

माझ्या पहिल्या प्रयोगात चार हजार रोपं होती. पाण्याच्या ताणात कोणती तगतात ते पाहायचं होतं. बी मात्र वाटेलगतच्या पाच झाडांचं, कारण तिथे हात पोहोचत होता. रोपवाटिका हिरवीगार झाली, मीही खूश. मार्गदर्शकांनी फक्त आलेख पाहिले. (माझं ठाम मत: कधीतरी स्वतः बी गोळा केलेला मार्गदर्शक शोधा. मोठं नाव नसलं तरी चालेल.)

आता हिशोब. एका झाडाच्या बियांची रोपं म्हणजे निदान सावत्र भावंडं. बाप वेगवेगळे असले तरी आई एकच. म्हणून एका आईची दहा हजार रोपं लावलीत तरी विविधतेच्या हिशोबात ती नात्यात नसलेल्या चार झाडांपलीकडे जात नाहीत. पाच आया म्हणजे फार तर वीस. त्यात माझी झाडं शेजारशेजारची, बहुधा आपसात नात्यातली. म्हणजे वीससुद्धा नाहीत!

हवामान बदललं की झाड उठून थंड उतारावर जात नाही. जंगल तगतं ते गर्दीतल्या अपवादांमुळे. युरोपात ॲश नावाच्या झाडांवर बुरशीची साथ आली तेव्हा चांगला टिकाव धरणारी झाडं शंभरात जेमतेम एक ते पाच निघाली. तुमच्या पाच आयांमध्ये असा अपवाद असेलच कशावरून?

निदान तीस मातृवृक्ष घ्या, एकमेकांपासून ५० ते १०० मीटर लांब. प्रत्येकाची पिशवी वेगळी, क्रमांकासह. बी मिसळलंत की संपलं.

डीएनए मार्करचे (झाडाझाडांतला फरक ओळखायच्या डीएनएमधल्या खुणांचे) आकडे बघून ‘हे जंगल तगेल’ म्हणणंही मला पटत नाही. बरेचसे मार्कर दुष्काळ-थंडीबद्दल काही सांगतच नाहीत. पायनस पिनिआ हा पाइन वृक्ष मार्करवर जवळजवळ एकसारखा दिसतो, तरी भूमध्य समुद्राभोवती पसरलाय. लावून बघण्याला पर्याय नाही. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात लॉजपोल पाइन या झाडाचं १४० ठिकाणांचं बी ६० जागी लावलं. १९७४ची ती लागवड आजही उपयोगी पडतेय.

चूक झालीच असेल तर घाबरू नका, सगळं वाया जात नाही. माझ्या पिशव्या वेगळ्या होत्या, म्हणून पाच कुटुंबांमधला फरक तरी लिहिता आला. अख्ख्या जंगलाबद्दल काढलेल्या निष्कर्षाचं वाक्य मात्र खोडावं लागलं. पुन्हा भरघोस बी धरायला झाडांनी तीन वर्षं घेतली. त्या वेळी चौतीस आया झाल्या, निम्म्या दोर लावून चढून.