सीटीच्या पाटीवरचा व्हीए: वाचायचा कसा, मोजायचा कसा

कुपवाड एमआयडीसीत पॅनेलची कामं करत मला सव्वीस वर्षं झाली. नवीन पोरगं शिकायला आलं की पहिल्याच आठवड्यात एक सीटी, म्हणजे मोठा करंट मोजण्याइतका लहान करून देणारा करंट ट्रान्सफॉर्मर, त्याच्या हातात देतो आणि पाटी वाचायला लावतो. २००/५, क्लास १, ५ व्हीए. म्हणजे मुख्य बाजूला, प्रायमरीत, २०० अँपिअर असले की मीटरकडच्या बाजूला, सेकंडरीत, ५ येतात; क्लास म्हणजे चूक किती टक्क्यांत राहील ते; व्हीए म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर. रेशो सांगतात, क्लास सांगतात, व्हीएपाशी आले की उत्तर ठरलेलं: "काका, ही सीटीची ताकद." मग दुकानात जाऊन जास्त ताकदीची मागतात.

ताकद नव्हे. सेकंडरीवर किती ओझं पडेपर्यंत सीटी पाटीवरचा क्लास सांभाळणार, तो हा आकडा. ओझ्यात मीटर आला, फॉल्ट ओळखून ब्रेकर पाडणारा रिले आला, आणि सगळे विसरतात ती वायरही आली. व्हीएला सेकंडरी करंटच्या वर्गानं भागलं की ओहम मिळतात. ५ अँपिअरच्या सीटीला ५ व्हीए म्हणजे ५ भागिले २५, फक्त ०.२ ओहम. १ अँपिअरच्या सीटीला तेच ५ व्हीए म्हणजे चक्क ५ ओहम.

०.२ ओहम किती थोडा, ते मला एका बेदाण्याच्या कोल्ड स्टोअरेजनं नीट दाखवलं. एप्रिल महिना, माल आत भरायची घाई. मालकानं पॅनेलवरचा डिजिटल मीटर काढून ऑफिसात टेबलासमोर लावून घेतलेला, बसल्या जागी लोड दिसावा म्हणून. एक कॉम्प्रेसर चालू असला की मीटर बरोबर. दोन्ही चालू झाले की कमी दाखवायचा. मी पॅनेलमधल्या मुख्य पट्टीला, बसबारला, टाँग टेस्टर (वायर न सोडवता करंट मोजणारा चिमटा) लावला तर १८२ अँपिअर, ऑफिसातला मीटर १७० वर. मालक म्हणाले, "काका, मीटर बदलून टाका." मीटर बिचारा जेवढं मिळेल तेवढं दाखवत होता.

आधी कागदावर हिशेब केला. पॅनेलपासून ऑफिस ४० मीटर. वायरमननं तिन्ही फेजच्या तीन सीटींच्या सहा वायरी वेगवेगळ्या ओढलेल्या, म्हणजे एका सीटीला जाऊन-येऊन ८० मीटर. अडीच स्क्वेअरच्या (चौरस मिलिमीटर) तांब्याच्या वायरीचा रेझिस्टन्स २० अंशाला किलोमीटरला साधारण ७.४१ ओहम. ८० मीटरचे झाले ०.५९. गुणिले २५, म्हणजे १४.८ व्हीए नुसती वायरच खाते. डिजिटल मीटर अर्धा व्हीएसुद्धा खात नाही. आणि सीटी होती ५ व्हीएची! सेकंडरीची दोन टोकं म्हणजे एस१ आणि एस२; तिन्ही एस२ पॅनेलमध्येच एकत्र करून एकच कॉमन वायर नेली असती, तर सारख्या लोडला तिच्यातून जवळजवळ काही वाहत नाही, ओझं निम्म्यावर येतं. तरी ७.४ व्हीए. वायर सहा स्क्वेअरची घातली असती, सहाच्या सहा, तरी ६ च्या वरच.

आता मोजायचं कसं. मल्टिमीटर ओहमवर ठेवून मोजू नका. त्याच्या प्रोबचाच रेझिस्टन्स ०.२ ओहमच्या आसपास निघतो, म्हणजे तुमची अख्खी ५ व्हीए त्या दोन प्रोबांतच संपली. चालू लोडवर मोजायचं. सीटीजवळच्या टेस्ट टर्मिनल ब्लॉकवर एस१ आणि एस२ मध्ये मल्टिमीटर एसी व्होल्टवर समांतर धरायचा, आणि त्याच वायरीला लहान टाँग टेस्टर लावायचा. ब्लॉक नसेल तर शटडाऊन घेऊन आधी तो बसवा. एकही स्क्रू ढिला करायचा नाही, एकही लिंक उघडायची नाही. प्रायमरीत करंट असताना सेकंडरी उघडी पडली की सगळा करंट कोअर, म्हणजे आतला लोखंडी गाभा, मॅग्नेटाइझ करण्यात जातो आणि टोकांवर माणूस मारण्याइतका व्होल्टेज उभा राहू शकतो. सेकंडरीत काहीही करायचं तर आधी एस१-एस२ जोडणारी शॉर्टिंग लिंक लावायची, मग बाकीचं. आणि महावितरणच्या सीलबंद बिलिंग सीटीला आपण हातच लावायचा नाही.

तिथं आर फेजला २.८ व्होल्ट आणि ४.२५ अँपिअर मिळाले. भागाकार ०.६६ ओहम, गुणिले २५, १६.५ व्हीए. कागदापेक्षा जास्त, कारण एप्रिलच्या उन्हात तांबं तापलेलं. वाय फेज तसाच. बी फेज मात्र साडेएकोणीसवर. रात्री लोड उतरवून, सेकंडरी शॉर्ट करून त्या फेजच्या वायरीचा लग (टोकाला दाबून बसवलेला धातूचा तुकडा) काढला. वायरीचं पीव्हीसी पुरतं सोललंच नव्हतं, लग निम्मा तांब्यावर आणि निम्मा इन्सुलेशनवर दाबलेला. ओढला तर हातात आला. नवीन लग दाबल्यावर बी फेजही बाकीच्यांच्या रांगेत आला.

लगनं तीन व्हीए वाचले, बाकीचं ओझं तसंच राहिलं. म्हणून सीटी बदलून २००/१ च्या घ्यायचं ठरलं. तोच ०.६६ ओहम १ अँपिअरला ०.६६ व्हीए होतो. दुकानदार म्हणाला १० व्हीएची घ्या, दणकट असते. मी २.५ ची घेतली. मीटरिंगच्या सीटीचा क्लास साधारणपणे पाटीवरच्या ओझ्याच्या २५ ते १०० टक्क्यांत धरलेला असतो. १० व्हीएच्या सीटीला किमान २.५ व्हीए लागले असते, आमच्याकडे पाऊणही नाही. शिवाय ओझं कमी असलं की कोअर उशिरा सॅच्युरेट होतो, म्हणजे चुंबकत्वानं भरून करंट पुढं देणं उशिरा थांबवतो, आणि शॉर्टसर्किटचा दणका थेट मीटरवर येतो.

रिलेच्या सीटीचं उलटं असतं. ५पी१० म्हणजे पूर्ण ओझं असताना दहापट करंटपर्यंत चूक ५ टक्क्यांच्या आत. समजा सीटी १५ व्हीए, ५ अँपिअरची, आतल्या वाइंडिंगचा ०.२ ओहम. बाहेर ०.६ (१५ भागिले २५) च्या जागी १ ओहम लटकवला, तर आतला धरून ०.८ च्या जागी १.२ झाला; दहा गुणिले ०.८ भागिले १.२, साधारण पावणेसात पटच उरतात. मोठा फॉल्ट आला की रिलेला तो छोटा दिसणार. इथं वायरीत काटकसर नको, आणि अर्थ फॉल्टसाठी (एखादा फेज जमिनीला लागला तर) जाणारी-येणारी दोन्ही लांबी धरायची.

नव्या सीटी बसल्या, दोन्ही कॉम्प्रेसर लावले. टाँग टेस्टरवर १८२, ऑफिसातल्या मीटरवर ३६. माझं पोरगं मीटरमधली सेकंडरी ५ वरून १ करायला विसरलेलं. मालक म्हणाले, "काका, बिल एवढ्यावर येणार असेल तर राहू द्या की."