नवे पत्ते कोणते घ्यावेत? हार्थस्टोन खेळणाऱ्यांसाठी डस्टचा हिशेब

मानकुरादची पहिली पाटी म्हापशाच्या बाजारात येते तेव्हा डझनाचा भाव हजारांत असतो. मे उजाडला की तोच आंबा साध्या घरातही येतो. हार्थस्टोन या डिजिटल पत्त्यांच्या खेळाचा नवा विस्तार, म्हणजे नव्या पत्त्यांचा संच, आला की पहिल्याच संध्याकाळी डस्ट (पत्ते बनवण्यासाठीचे खेळातले चलन) उधळणारे खेळाडू ती पहिली पाटी उचलत असतात. आंबा निदान खाऊन तरी होतो. चुकीच्या पत्त्यावर गेलेले १६०० डस्ट मात्र पुढचा विस्तार येईपर्यंत नडत राहतात.

पॅक, म्हणजे पत्त्यांची बंद पाकिटे, विकत घ्यायला फार पैसे नसले तरी या खेळात चांगला डेक (खेळायला घेतलेला पत्त्यांचा जुडगा) उभा राहतो. त्यासाठी सुटा पत्ता घ्यायची सवय मोडावी लागते. पत्ता घ्यायचा तो ठरलेल्या डेकची रिकामी जागा भरण्यासाठी.

भाव पाठ करा

पत्ता क्राफ्ट करायला, म्हणजे डस्ट देऊन बनवायला, चढत्या दर्जाने कॉमनला ४०, रेअरला १००, एपिकला ४०० आणि लेजंडरीला १६०० डस्ट लागते. मोडला तर अनुक्रमे ५, २०, १०० आणि ४०० परत मिळते. म्हणजे चार लेजंडरी मोडावे तेव्हा एक नवा हाती येतो, आणि कॉमनचा तर आठवाच हिस्सा परत येतो. पत्ता मित्राला देता येत नाही, विकताही येत नाही. म्हणून क्राफ्टचे बटण दाबायच्या आधीच विचार व्हायला हवा.

पॅक १०० गोल्डचा; गोल्ड हे खेळातले नाणे. त्यात पाच पत्ते, आणि त्यातला किमान एक रेअर किंवा त्यावरचा. सगळ्यात रिकामा पॅक म्हणजे चार कॉमन आणि एक रेअर, मोडून ४० डस्ट. असे ४० पॅक, म्हणजे ४००० गोल्ड, मोडावेत तेव्हा एक लेजंडरी होतो. नशीब त्याहून बरे निघते, पण हिशेब वाईटात वाईट धरूनच करावा.

आधी पॅक, मग क्राफ्ट

नव्या विस्ताराच्या पहिल्या १० पॅकांत एक लेजंडरी हमखास मिळतो. हजार गोल्डमध्ये याहून चांगला सौदा या खेळात नाही, तेव्हा प्रत्येक विस्ताराचे हे पहिले दहा पॅक फोडावेतच. त्यानंतर हमी फक्त एवढीच, की सलग ४० पॅकांत एक तरी लेजंडरी येईल. ही मोजणी प्रत्येक विस्ताराची वेगळी चालते. इथेच पुष्कळ जण फसतात: ३००० गोल्ड साठले की थोडे या विस्तारावर, थोडे त्या विस्तारावर घालतात, आणि सगळीकडची मोजणी अर्धवट राहते. पहिला लेजंडरी मिळाल्यावर कोणत्या एका विस्ताराचे पॅक फोडत राहायचे ते ठरवा आणि तिथेच टिका.

पॅक आधी फोडण्याचे आणखी एक कारण. एकाच दर्जाचे त्या विस्तारातले सगळे पत्ते तुमच्याकडे होईपर्यंत पॅकमधून जादा प्रत येत नाही. हवा असलेला लेजंडरी फुकटात निघण्याची शक्यता त्यामुळे खरी असते. ती संपल्यावरच १६०० मोजावेत. एकदा हाती येऊन तुम्ही मोडलेला पत्ताही ‘मिळालेला’ धरला जातो, त्यामुळे तो पॅकमधून लवकर परत येणार नाही. आज नकोसा वाटलेला लेजंडरी घाईने मोडू नये तो यासाठी.

कॉमनवर सुरुवातीला डस्ट अजिबात घालवू नका. पॅकमधून सर्वांत जास्त तेच येतात आणि ते आपोआप भरतात.

दोन-तीन आठवडे हात आवरा

पहिल्या आठवड्यात झटपट मारा करणारे स्वस्त डेक जिंकतात, कारण बचावाने खेळणाऱ्यांना समोर काय येणार हेच अजून कळलेले नसते. तेव्हाची क्रमवारी पाहून महागडा डेक बांधणे म्हणजे चुकण्याची तयारी. अंदाज तर भल्याभल्यांचे चुकतात. डिसेंबर २०१७ च्या विस्तारातला कॉरिडॉर क्रीपर हा एपिक जाहीर झाला तेव्हा त्याच्याकडे फारसे कुणी पाहिले नाही. थोड्याच दिवसांत तो जिकडेतिकडे दिसू लागला, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये त्याचा हल्ला ५ वरून २ वर आणला गेला.

इथे कुणी म्हणेल, नर्फ झाला, म्हणजे पत्ता असा कमजोर केला गेला, तर डस्ट पूर्ण परत मिळतेच की! मिळते, पण फक्त ज्या पत्त्यावर नर्फ पडला त्याची, आणि ठरावीक मुदतीतच, साधारण दोन आठवडे. त्याच फेब्रुवारीत प्रीस्ट या क्लासचा (क्लास म्हणजे डेकसाठी निवडायचे पात्र) राझा द चेन्ड हा लेजंडरी नर्फ झाला. तो ज्याच्या जोडीने जिंकत असे तो शॅडोरीपर ॲन्डुइनही लेजंडरीच, पण त्याला हात लागला नाही. ज्यांनी दोन्ही क्राफ्ट केले होते त्यांना राझाचे १६०० पूर्ण परत मिळाले. ॲन्डुइन मोडून ४०० च. डेक मात्र दोघांचा मिळून होता आणि तो ढासळला. जोडीवर उभा असलेला डेक घेताना हा धोका मनात धरावा.

डेक ठरवून वही उघडा

थांबायचे दिवस संपले की दोन किंवा तीन डेक निवडा, त्याहून जास्त नकोत. डेकचा कोड कॉपी करून संग्रहाच्या पानावर नवा डेक करायला घेतला की तुमच्याकडे नसलेले पत्ते वेगळे दिसतात. ते दर्जानुसार कागदावर मांडा.

समजा तुमच्याकडे ३६०० डस्ट आहे. पहिल्या डेकात १ लेजंडरी, ३ एपिक, ४ रेअर आणि ५ कॉमन कमी आहेत: १६०० + १२०० + ४०० + २००, एकूण ३४००. दुसऱ्या डेकात फक्त तीन पत्ते कमी, पण तिन्ही लेजंडरी: ४८००. वरवर पाहता पहिलाच घ्यावासा वाटतो. पण तो घेतला की हातात २०० उरतात, आणि पुढच्या महिन्यात तो डेक मागे पडला तर एपिकची किंमत चौथ्या हिश्शाने परत येते. दुसऱ्या डेकातल्या तिघांपैकी एक लेजंडरी तिसऱ्या डेकातही लागत असेल, आणि उरलेल्या दोघांपैकी एकाच्या जागी तुमच्याकडचा पत्ता चालत असेल, तर खरा खर्च ३२०० वर येतो आणि दोन डेकांचे काम होते. कमी आकडा पाहून घाई करू नये ती एवढ्यासाठी. बेरीज करायची ती डेक प्रत्यक्ष खेळता यावा यासाठी किमान काय लागते त्याची.

आता प्रत्येक महागड्या पत्त्याला चाळणी लावा.

तो एकटा चालतो का? पॅचेस द पायरेट तुम्ही दुसरा पायरेट जातीचा पत्ता खेळलात तरच डेकमधून बाहेर उडी मारतो. पायरेट नसतील तर १६०० डस्ट वाया. उलट २०१८ चा झिलिॲक्स ५ मानाचा (माना म्हणजे पत्ता खेळायला डावात मोजावी लागणारी किंमत), हल्ला ३ आणि आयुष्य २, पण कुणाच्याही डेकात बसायचा: टॉन्ट, रश, लाइफस्टील, डिव्हाइन शील्ड या चारही खास क्षमता एकाच पत्त्यात.

किती क्लासना चालतो? हार्थस्टोनमध्ये ११ क्लास आहेत. न्यूट्रल लेजंडरी या सगळ्यांना चालतो, क्लासचा पत्ता सहसा एकालाच. दोघांमध्ये निवड अडली तर न्यूट्रल घ्या. अपवाद एवढाच, की तुम्ही वर्षभर एकाच क्लासने खेळत असाल.

तो जिंकून देतो की मदत करतो? डेकचा सारा डाव ज्या पत्त्यासाठी रचलेला असतो त्याला पर्याय नसतो. तो आधी घ्यावा. मदतनीस पत्ते थांबू शकतात. समोरच्याचे शस्त्र मोडायला यादीत एखादा एपिक सांगितला असेल तर दोन मानाचा ॲसिडिक स्वॅम्प ऊझ बहुतेक वेळा काम भागवतो. बदली पत्ता शोधताना मानाची किंमत आणि काम दोन्ही जुळले पाहिजेत. आठ मानाच्या पत्त्याजागी दुसरा आठ मानाचा, पण वेगळ्या कामाचा पत्ता घातला की डेक कुठेच जात नाही.

बदली पत्ता घालून १५ डाव खेळा. डाव संपला की वहीत एवढेच लिहा: बदली पत्ता हातात आला होता का, आणि त्याजागी मूळ पत्ता असता तर निकाल बदलला असता का. पंधरात चार-पाच ठिकाणी ‘हो’ आले तर क्राफ्ट करा. एकदाच आले तर तो पत्ता अजून गरजेचा नाही.

आकडेवारी पाहताना

एचएसरिप्लेसारख्या साइटवर प्रत्येक पत्त्याचे जिंकण्याचे तीन वेगळे टक्के दिसतात: सुरुवातीला हातात ठेवला तेव्हाचा, डावात कधीही उचलला गेला तेव्हाचा, आणि प्रत्यक्ष खेळला तेव्हाचा. नवखा खेळाडू तिसरा आकडा पाहतो आणि फसतो. दहा मानाचा भव्य पत्ता खेळायची संधी मिळते तीच मुळात तुम्ही टिकून असता, बऱ्याचदा पुढे असता तेव्हा. म्हणून त्याचा आकडा फुगलेला दिसतो. उचलला तेव्हाचा टक्का पाहा. हातात अडकून पडलेला पत्ताही त्यात मोजला जातो. तो टक्का डेकच्या सरासरीपेक्षा खाली असेल तर पत्ता दिसायला कितीही भारी असो, त्याच्याशिवाय खेळून पाहा. आणि डावांची संख्या शेकड्यांत असेल तर त्या टक्क्यांवर विसंबू नका.

पत्त्याचे आयुष्य

स्टँडर्ड या खेळप्रकारात चालू आणि मागच्या वर्षाचे विस्तार चालतात. सोबत मोफत मिळणारा कोअर संच असतो, जो दरवर्षी बदलतो. क्राफ्ट करण्याआधी पत्ता कोअरमध्ये आहे का ते पाहायलाच हवे, नाहीतर फुकट मिळणाऱ्या पत्त्यासाठी डस्ट जाते.

वर्षाला तीन मोठे विस्तार येतात. आपल्याकडच्या दिवसांत सांगायचे तर एक शिगम्याच्या सुमारास, मार्च-एप्रिलमध्ये. दुसरा चतुर्थीच्या आधी, जुलै-ऑगस्टमध्ये. तिसरा दिवाळीनंतर जत्रा सुरू होतात तेव्हा. पहिल्यातला पत्ता साधारण दोन वर्षे चालतो, दुसऱ्यातला २० महिने, तिसऱ्यातला १६. झिलिॲक्स ऑगस्ट २०१८ मध्ये आला आणि एप्रिल २०२० मध्ये स्टँडर्डमधून गेला. वाइल्ड या दुसऱ्या प्रकारात मात्र सगळे पत्ते कायम चालतात. तिथेच खेळणाऱ्याने हा भाग सोडून द्यावा.

यातून वर्षाचा क्रम ठरतो. मार्च-एप्रिलच्या विस्तारावर हात थोडा सैल सोडावा. दिवाळीनंतर आखडावा. फेब्रुवारीत, रोटेशन (जुने विस्तार स्टँडर्डमधून बाद होणे) तोंडावर असताना, बाद होऊ घातलेला पत्ता अजिबात क्राफ्ट करू नये. पावसाआधी घरोघरी पुरुमेंत भरतात तशी ही डस्टची साठवणीची वेळ आहे.

काय मोडावे

जादा प्रती आल्या की लगेच मोडू नका. नर्फ झाला तर जादा प्रतीचेही पूर्ण डस्ट मिळते, म्हणजे पाचाच्या जागी ४० आणि शंभराच्या जागी ४००. डस्टची खरी गरज पडेल तेव्हाच एकदम मोडा. सोनेरी पत्त्यांचे (त्याच पत्त्यांच्या सजवलेल्या आवृत्त्यांचे) गणित वेगळे: सोनेरी लेजंडरी मोडला की १६०० मिळतात, म्हणजे हवा तो साधा लेजंडरी सरळ होतो. तुम्ही न खेळणाऱ्या क्लासचा सोनेरी लेजंडरी निघाला तर मोडायला हरकत नाही. सोनेरी एपिकचेही ४०० मिळतात. साधे लेजंडरी मात्र ठेवा. एका डेकातून बाद झालेला पत्ता वर्षाच्या आत दुसऱ्या डेकात परतलेला पुष्कळदा दिसतो.

दुसरा खेळ खेळत असाल तर

चाळणी तीच, चलन बदलते. मॅजिक या पत्त्यांच्या खेळाच्या अरेना या डिजिटल आवृत्तीत पत्ता मोडायची सोयच नाही. वाइल्डकार्ड, म्हणजे त्या दर्जाचा हवा तो पत्ता घ्यायचे कूपन, खर्च झाले की झाले. डेक ६० पत्त्यांचा आणि एका पत्त्याच्या चार प्रतींपर्यंत लागतात, त्यामुळे तिथे अडते ते रेअर वाइल्डकार्डवर. आधी रेअर किती लागतात ते मोजा, त्यावरच्या दर्जाचे मिथिक नंतर.

पोकेमॉनच्या टीसीजी पॉकेटमध्ये डेक २० पत्त्यांचा. प्रत्येक पॅकमागे ५ पॉइंट मिळतात आणि ‘ईएक्स’ या जास्त ताकदीच्या पत्त्याला ५०० लागतात, म्हणजे १०० पॅक. शिवाय एका संचाचे पॉइंट दुसऱ्या संचात चालत नाहीत. पहिल्या संचात चारिझार्ड, म्यूटू आणि पिकाचू असे तीन वेगळे पॅक आहेत आणि म्यूटू ईएक्स म्यूटूच्या पॅकमध्येच येतो. पॅक निवडण्यापूर्वी हवा असलेला पत्ता त्यात आहे का हे यादीत तपासा, आणि डेकातला तो एक ईएक्स मिळेपर्यंत पॅक बदलू नका.