समुद्रात शिकलेले गणित आणि घाटावरचे पाणी

मालवण-तारकर्लीला स्कुबाचे, म्हणजे पाठीवर हवेचा सिलिंडर घेऊन पाण्याखाली पोहण्याचे, रीतसर प्रशिक्षण घेऊन सातारा-सांगलीकडे परतलेल्या प्रत्येकापुढे सरावाचा प्रश्न उभा राहतो. दर आठवड्याला समुद्र गाठणे शक्य नसते, आणि गावाशेजारची पाण्याने भरलेली दगडखाण मात्र रोज दिसत असते. तेथे उतरावेसे वाटण्यात गैर काहीच नाही. इंग्लंडमधील लेस्टरशायर परगण्यातील स्टोनी कोव्ह ही जुनी ग्रॅनाइटची खाण आज डाइव्हिंगसाठीच ओळखली जाते, आणि अमेरिकेतील मिसुरी राज्यात बॉन टेअर येथील शिशाच्या बुडालेल्या खाणीतही लोक वाटाड्यासह उतरतात. परंतु अशा ठिकाणी खोली मोजलेली असते, उतरण्याच्या वाटा ठरलेल्या असतात आणि काठावर माणसे हजर असतात. आपल्याकडच्या खाणीत यातले काहीही नसते, त्यामुळे ते सगळे उतरणाऱ्यालाच उभे करावे लागते. कान मोकळे करणे, मास्क रिकामा करणे, बडीला, म्हणजे सोबतच्या जोडीदाराला, खुणा करणे हे तुम्हाला येते असे मी धरून चालते आणि खाली जाता यावे म्हणून कमरेला बांधतात त्या शिशाच्या पट्ट्याकडे थेट वळते, कारण खाणीत मला ज्याने गाठले ते संकट तेथूनच सुरू झाले.

समजा, तुम्ही, तुमचा सूट, सिलिंडर आणि बाकीचे साहित्य मिळून १०० लिटर जागा व्यापता. गोडे पाणी अशा वेळी १०० किलो वजन तोलून धरते, तर समुद्राचे खारे पाणी सुमारे १०२.५ किलो. याचा अर्थ, समुद्रात अगदी बरोबर ठरलेले शिसे खाणीत अडीच किलोंनी जास्त होते. त्यात भर अशी, की किनाऱ्यावर नवशिक्याला मुळातच जास्त शिसे बांधण्याची सवय अनेक ठिकाणी दिसते. घाबरलेला माणूस छातीत हवा धरून ठेवतो आणि खाली जात नाही. त्याला नीट श्वास सोडायला शिकवण्यापेक्षा दोन किलो वाढवणे सोपे असते. ही पळवाट मला मनापासून अमान्य आहे, कारण तिचे परिणाम शिकवणारा कधी पाहत नाही.

मला पहिल्यांदा खाणीत नेणाऱ्या प्रशिक्षकाने माझा समुद्रातला आकडा विचारला आणि तेवढेच शिसे पट्ट्यात ओवले. काठ सुटताच मी खाली जाऊ लागले. जसजशी खोली वाढते, तसतसे सूटमधील हवेचे बारीक बुडबुडे दाबाने आकसतात. १० मीटरपर्यंत ते जवळपास निम्मे होतात आणि सूटची तरंगण्याची शक्तीही तेवढीच घटते. म्हणून जड झालेला माणूस खाली जाताना आणखी जड होत जातो. बीसीडीत, म्हणजे हवा भरून तरंगण्यासाठी अंगात घालायच्या जॅकेटात, पुरेशी हवा भरेपर्यंत गुडघे तळाला टेकले, आणि तळ म्हणजे खडी क्रशरची वर्षानुवर्षे साचलेली बारीक भुकटी होती. क्षणभरात हातातला गेज, म्हणजे उरलेली हवा दाखवणारे मापक, दिसेनासा झाला. समुद्रात उठलेली वाळू थोड्या वेळात खाली बसते किंवा प्रवाहाबरोबर निघून जाते. खाणीत प्रवाह नसतो आणि ही भुकटी तासन्‌तास तरंगत राहते, त्यामुळे थांबून पाणी निवळण्याची वाट पाहण्यात सिलिंडर संपतो. वर कोणते आणि खाली कोणते हेही कळेनासे झाले, तेव्हा काठाला बांधलेली दोरी हाताला लागली म्हणून मी सावकाश वर येऊ शकले. दोरी नसती, तर तेथे कोणीही जे करील तेच मी केले असते: बीसीडी भरभरून फुगवली असती आणि वेगाने वर आले असते. फुप्फुसांना इजा होते ती अशाच वेळी.

म्हणून शिसे प्रत्येक नव्या पाण्यात, प्रत्येक नव्या सूटबरोबर, काठाजवळच तपासावे. बीसीडी पूर्ण रिकामी करून, नेहमीसारखा श्वास धरून स्थिर उभे राहिल्यावर पाणी डोळ्यांच्या पातळीवर आले पाहिजे आणि श्वास सोडल्यावर तुम्ही हळूहळू बुडाले पाहिजे. नेहमीच्या ११ लिटरच्या सिलिंडरमधील २०० बार (बार हे दाबाचे एकक) हवेचे वजन अडीच किलोंहून थोडे अधिक भरते. म्हणून ही तपासणी डाइव्हच्या शेवटी, ५० बार उरलेले असताना केली तर आकडा विश्वासार्ह येतो. भरलेल्या सिलिंडरने केली तर सुमारे दोन किलो वाढवावे लागतात. मालवणला ३ मिलिमीटरचा सूट आणि खाणीतल्या थंड थराखाली ५ मिलिमीटरचा, असा बदल असेल तर जुना आकडा विसरून जावा. हे जमले की भीतीचा मोठा भाग आपोआप उतरतो. तळापासून हातभर वर राहून, बेडकासारखे पाय मारत भुकटी न उठवता पोहणे कोणालाही सरावाने जमते. त्यासाठी अंगात जन्मजात काही असावे लागत नाही.

उतरण्याची जागा ठरवताना मी कोणत्याही प्रमाणपत्रधारकापेक्षा त्या खाणीत राबलेल्या जुन्या कामगारावर अधिक विश्वास ठेवते. त्याने तो खड्डा कोरडा पाहिलेला असतो. डंपरचा उतार कोणत्या बाजूने होता, सुरुंगाने सैल झालेला कडा कोठे लोंबत राहिला, तुटलेली वायररोप आणि लोखंडी सांगाडे कोठे सोडून दिले, हे तो काठावर बसून काठीने मातीत काढून दाखवतो. पहिले सगळे डाइव्ह त्या डंपरच्या उतारावरच, ८ मीटरच्या आत करावेत. मासेमारीच्या नायलॉनच्या जाळ्यांसाठी सुरी किंवा कात्री दोन्ही हातांना पोहोचेल अशी बांधावी. जमीनमालकाची लेखी परवानगी घ्यावी आणि पोलीस पाटलांना कळवून ठेवावे.

उंचीचा मुद्दा समुद्रकाठी क्वचितच कोणी सांगते. समुद्रसपाटीपासून ३०० मीटरच्या वर केलेला डाइव्ह उंचीवरचा डाइव्ह समजला जातो. सांगली सुमारे ५५० मीटरवर आणि सातारा सुमारे ७०० मीटरवर आहे, म्हणजे आपले जवळजवळ सगळेच पाणी या हिशेबात येते. साताऱ्याला हवेचा दाब समुद्रकाठापेक्षा सुमारे ८ टक्क्यांनी कमी असतो आणि वर आल्यावर पाण्याखाली शरीरात विरघळलेल्या नायट्रोजनला त्या कमी दाबात बाहेर पडावे लागते, म्हणून येथे १८ मीटर गेलात तर किती खोलीवर किती वेळ राहावे हे सांगणाऱ्या तक्त्यात २० मीटरचा आकडा वाचावा. डाइव्ह कॉम्प्युटर, म्हणजे हाच हिशेब पाण्याखाली करणारे मनगटावरचे यंत्र, काठावरच सुरू करावा, म्हणजे तो तेथील हवेचा दाब नोंदवतो, आणि गोड्या पाण्याची सोय असल्यास तीही निवडावी. याच कारणासाठी रविवारी मालवणला दोन डाइव्ह करून संध्याकाळी फोंडा किंवा आंबोली घाट चढून घरी येणे धोक्याचे आहे. आंबोली जवळजवळ ६९० मीटरवर आहे. विमानप्रवासापूर्वी एका डाइव्हनंतर किमान १२ तास आणि अनेक डाइव्हनंतर किमान १८ तास थांबावे असा प्रचलित सल्ला आहे. घाटासाठीही मी तोच पाळते आणि सोमवारची रजा आधीच टाकते.

विहिरीत उतरणार असाल तर कृषिपंपाचा विचार आधी करावा. शेतीची वीज केव्हाही येते आणि ऑटो स्टार्टर बसवलेली मोटर कोणी हात न लावता सुरू होते. पेटीतील फ्यूज काढून ते काठावरच्या माणसाच्या खिशात ठेवल्याशिवाय पाण्याला पायही लावू नये.

धरणे पूर्णपणे वगळावीत. वरून शांत दिसणाऱ्या पाण्याखाली विमोचकाचे, म्हणजे धरणातून पाणी सोडण्याच्या मार्गाचे, तोंड उघडे असेल तर तेथील ओढ कोणत्याही पोहणाऱ्याला आवरत नाही. कोयनेच्या शिवसागर जलाशयात १९९९ आणि २०१२ मध्ये लेक टॅपिंग करून तळाचा खडक फोडण्यात आला आणि पाणी वीजनिर्मितीच्या बोगद्यांत घेण्यात आले. पृष्ठभागावरून यातले काहीही दिसत नाही. त्याशिवाय तो परिसर अभयारण्याचा आहे. कास तलावाचे पाणी सातारकर पितात, त्यामुळे तेथील प्रश्नच मिटतो.

हवेच्या बाबतीत कोणाचेही ऐकू नका. विहिरी खोदणाऱ्या ट्रॅक्टर कॉम्प्रेसरची हवा नळीने घेऊन उतरणारे लोक मी पाहिले आहेत. इंजिनाचा धूर त्या हवेत मिसळला तर कार्बन मोनॉक्साइडने माणूस काही न कळता बेशुद्ध होतो. वेल्डिंगच्या दुकानातील ऑक्सिजन भरण्याचा सल्लाही मिळेल. शुद्ध ऑक्सिजन ६ मीटरच्या खाली झटके आणू शकतो आणि तेलकट व्हॉल्व्हमध्ये पेट घेऊ शकतो. श्वसनासाठीच्या कॉम्प्रेसरवर भरलेले सिलिंडर लांबून आणावे लागत असतील तर लांबून आणावेत.

२०१९ च्या महापुरानंतर आमच्या भागातील अनेकांना बचावकार्यासाठी स्कुबा शिकावेसे वाटले, आणि त्यामागची कळकळ मी जाणते. तरीही पुराच्या वाहत्या पाण्याचे काम वेगळे आहे आणि त्याचे प्रशिक्षणही वेगळे आहे. तुम्ही शिकला आहात हे गावात कळले, की एखादे दिवशी खाणीत बुडालेल्या मुलाचे नातेवाईक हात जोडून समोर उभे राहतील. त्या वेळी नाही म्हणणे फार जड जाते. तरीही गढूळ, अनोळखी तळावर एकट्याने उतरू नये. तहसील कार्यालय आणि पोलीस यांना ताबडतोब कळवावे. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी तुकडी पुणे जिल्ह्यात सुदुंबरे येथे आहे, आणि तिला बोलावणे प्रशासनामार्फतच जाते. दरम्यान ज्याने बुडताना पाहिले त्याला तो होता त्याच जागी उभा करावा, त्याच्या नजरेच्या रेषेत पलीकडच्या काठावरची एखादी ठळक खूण धरावी, दुसरा साक्षीदार असल्यास त्याच्या जागेवरून दुसरी रेषा धरावी आणि दोन्ही जागी खुंट्या ठोकून ठेवाव्यात. येणाऱ्या पथकाचा शोध त्या दोन रेषा जेथे छेदतात तेथून सुरू होतो.