बोलता न येणाऱ्या मुलाचं दुखणं ओळखायचं कसं?

भारतात पाच ठिकाणी झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत २ ते ९ वर्षांच्या साधारण आठ मुलांमागे एकाला विकासाशी निगडित एखादी तरी अडचण आढळली. स्वमग्नता (ऑटिझम), फिट्स, सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा झाल्याने हालचालींवर ताबा नसणं), ऐकण्याचा दोष, अध्ययन अक्षमता, सगळं त्यात आलं. म्हणजे अशी मुलं कमी नाहीत. तरी त्यांचं दुखणं ‘त्याचा स्वभावच तसा’ म्हणून सोडून दिलं जातं.

मूल अचानक डोकं आपटू लागलं, हात चावू लागलं, झोपेना किंवा जेवेना, तर आधी शरीर तपासा. वर्तनाची थेरपी नंतर. दात किडलाय का, एकाच बाजूने चावतं का? कानाला सारखा हात जातो का? लघवी करताना रडतं का? आडवं केलं की पाठ ताणून रडतं का? (पित्त वर येत असेल.)

सर्वांत जास्त फसवतं ते बद्धकोष्ठ. आत मलाचा खडा अडकला की बाजूने पातळ शौच झिरपतं, चड्डी खराब होते आणि घरच्यांना वाटतं जुलाब लागलेत. मग जुलाब थांबवायचं औषध दिलं जातं, खडा आणखी घट्ट होतो. म्हणून कॅलेंडरवर रोज लिहा: शौच झालं का, कडक की मऊ. आठवड्यातून तीनदाही होत नसेल तर डॉक्टरांना दाखवा. जेवणानंतर ५ ते १० मिनिटं बसवा, पायाखाली स्टूल हवंच; पाय लोंबकळत असले की जोर लागत नाही. औषध बहुधा काही महिने चालतं. पोट साफ झालं म्हणून आठवड्यातच बंद केलं की पुन्हा तेच.

सेरेब्रल पाल्सीच्या मुलाला झोपवून भरवू नका. बसवा, हनुवटी किंचित खाली, चमचा समोरून. जेवताना ठसका किंवा नंतर घरघर, वरचेवर न्यूमोनिया असेल तर अन्न श्वासनलिकेत जात असावं. हे तातडीने दाखवायचं.

फिट आली तर कुशीवर वळवा, घड्याळ बघा. कांदा, चप्पल, चमचा काही नको. ५ मिनिटांत थांबली नाही तर दवाखाना गाठा. फिटचं औषध मनाने बंद करू नका.

डाऊन सिंड्रोम (एक गुणसूत्र जास्त असण्याची जन्मजात स्थिती) असेल तर जन्मल्यावर लगेच हृदयाची इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी करा, डॉक्टरांना स्टेथोस्कोपवर काही ऐकू आलं नाही तरी. निम्म्या मुलांत जन्मजात हृदयदोष असतो. थायरॉईड ६ आणि १२ महिन्यांना, पुढे दरवर्षी. कान-डोळेही नियमित तपासा. चाल बदलली, मान दुखू लागली किंवा सुटलेलं अंथरुण ओलं करणं पुन्हा सुरू झालं, तर मानेच्या मणक्याची शंका घेऊन त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

दवाखान्यात जाताना वागणुकीचा मोबाइलवरचा व्हिडिओ, शौचाची नोंद आणि चालू औषधांची यादी घ्या. सरकारी रुग्णालयात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली १८ वर्षांपर्यंत तपासणी मोफत आहे. जिल्ह्याच्या डीईआयसी केंद्राबद्दल (अशा मुलांवर लवकर उपचार सुरू करणारं जिल्हा केंद्र) तिथेच विचारा.