केटीची दारं टाकली का?

हस्त सरला, चित्रा चालू आहेत. पहाटे तुरीच्या पानावर दव दिसू लागलंय. मांजरा, तेरणा, दुधना, सिंदफणा, मन्याड, सगळ्या नद्यांचं पाणी गुमान खाली पळतंय. सोयाबीनची रास, कापसाची वेचणी, रब्बीची पेरणी आणि दिवाळीची ओढाताण या धबडग्यात दरवर्षी एकच काम मागं पडतं: कोल्हापुरी बंधाऱ्याची, म्हणजे केटीची, दारं. नदीतल्या खांबांच्या खाचांत बसवून पाणी अडवायच्या या काढत्या-घालत्या लोखंडी फळ्या. दसऱ्याला ‘टाकू’, दिवाळीला ‘टाकू’, आणि कार्तिकी एकादशी झाल्यावर नदीवर जावं तर घोटाभर धार. मग हरभऱ्याचे घाटे भरायच्या वेळी डोहात चिखल आणि मोटारीचा फुटव्हॉल्व्ह उघडा पडलेला.

नदीकाठचा जितका हरभरा घाटेअळीनं नेला, त्याहून जास्त या चालढकलीनं नेला असं आमचं ठाम मत आहे. अळीवर फवारायला सगळे धावतात. दारासाठी कुणी धावत नाही, कारण दार कुणाचंच नसतं.

पाणी अडलं तर फायदा फक्त मोटारवाल्यांचा, हाही गैरसमज. डोह भरलेला असला की काठच्या विहिरींचा पाझर टिकतो. ज्याची नदीत मोटार नाही पण काठाला विहीर आहे, त्यानंही वर्गणी द्यायला हवी.

नदीत उतरण्याआधी

दारं मोजा. बहुतेक केटींचा गाळा, म्हणजे दोन खांबांमधली मोकळी जागा, दोन मीटर रुंद असतो आणि दार साधारण दोन मीटर लांब, अर्धा मीटर उंच. तीन मीटर साठा असेल तर एका गाळ्याला सहा दारं, वीस गाळ्यांना 120. त्यातली चार चोरीला गेलीत हे कमरेइतक्या पाण्यात उभं राहून कळण्यात अर्थ नाही. दारं कमी असतील तर ती वरच्या ओळीत कमी पडू द्या, साठा अर्ध्या मीटरनं घटेल इतकंच. खालच्या ओळीतलं एक दार नसलं तर बाकीची 119 असून नसल्यासारखी. सगळा डोह त्या एका खिडकीतून निघून जातो.

मग खांबांच्या खाचा साफ करा. त्यात वेड्या बाभळीच्या काट्या, वाळू, दगड ठासून बसलेले असतात. पहार आणि तारेचा ब्रश लागतो. तळाच्या काँक्रीटच्या उंबऱ्यावर हात फिरवून बघा, डोळ्यांवर भरवसा ठेवू नका. एका टोकाला सुपारीएवढा खडा राहिला की दार तिथं उचललं जातं आणि खाली जवळपास दोन मीटरची फट राहते. वरून दार छान बसलेलं दिसतं, खालून रात्रभर शीळ वाजत असते.

रबरी पट्टी दोन बोटांत दुमडून बघा. तडे दिसले की बदला. गंजून भोक पडलेलं दार वेल्डिंग करून घ्या, आणि ते खालच्या ओळीला मात्र देऊ नका.

टाकायची रीत

कागदोपत्री तारीख 15 ऑक्टोबरच्या पुढची असते. रानातला आडाखा असा: गुडघाभर पाण्यात तळाचे दगड दिसू लागले की नदीचा गढूळपणा संपला, आता दारामागं गाळ कमी साचेल. या दोन्हींवर तिसरी नजर हवामानाची. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा कृषी हवामान सल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी येतो. पुढच्या पाच दिवसांत नदीच्या वरच्या भागात मुसळधार पाऊस नसेल तर आडाख्याची वाट बघत बसू नका.

कडेचे गाळे आधी बंद करा, मधले दोन-तीन शेवटी. मधून पाणी चालू राहिलं की उरलेला गाळ निघून जातो आणि दोन्ही काठांच्या भरावावर धार येत नाही. दार खाचेत सोडल्यावर दोन्ही टोकांना सारखं ठोका, एका बाजूला ठोकलं की ते तिरपं अडकतं. खालच्या चार ओळी आत्ता, या आठवड्यात. वरच्या दोन ओळी नदीची धार ओसरू लागेपर्यंत बंधाऱ्यावरच रचून ठेवा, घरी नेऊ नका.

वरच्या दोनच का, ते नीट समजून घ्या. तीन मीटर पाणी उभं असताना तळाच्या एका दारावर पावणेतीन टनांचा दाब असतो. सगळ्यात वरच्या दारावर पाव टन, त्याखालच्यावर पाऊण टन. म्हणजे पूर यायच्या वेळी माणसं आणि चेनपुली मिळून वरची दोन दारं निघू शकतात, तळाचं दार गावानं मिळून ओढलं तरी हलत नाही. परतीचा पाऊस वर कोसळल्याची बातमी आली की तेव्हाच, दिवसाउजेडी, दोरी बांधून, खालच्या अंगाला कुणालाही उभं न करता वरच्या ओळी काढा. रात्री अकरा वाजता बॅटरी घेऊन जाऊ नका. दारं अडकलेल्या बंधाऱ्यावर पूर आला की नदी बंधारा फोडत नाही, बगल फोडते. भराव खाऊन शेजारच्या रानातून वाट काढते आणि काळी माती खाली मुरमापर्यंत खरवडून नेते. 2025 च्या सप्टेंबरात खरडलेली रानं मराठवाड्यानं पाहिलीत, त्याचं वर्णन करायची गरज नाही.

टाकताना खालच्या गावापासून वर, काढतानाही खालच्या गावापासून वर

एका नदीवर चार गावांच्या चार केटी आहेत असं धरा. वरच्या गावानं पहिल्याच दिवशी सगळी दारं बसवली तर त्याचा डोह भरेपर्यंत खालच्या तिघांना धार नाही. धार रोज आटत चाललेली, त्यामुळं चौथ्या गावाच्या वाट्याला कोरडी वाळू. उलट सगळ्यात खालच्यानं आधी अडवलं, मग तिसऱ्यानं, मग दुसऱ्यानं, तर धार जोमात आहे तोवर लांबचे डोह भरतात आणि वरच्याला शेवटची धार मिळतेच, ती त्याच्याच दारातून जाणार असते. अर्थात हे सगळं आठ-दहा दिवसांत उरकायला हवं, नाहीतर वरच्याचं नुकसान होतं आणि त्याचा राग रास्त ठरतो.

काढताना मात्र कारण वेगळं आहे. वरच्यानं आधी दारं काढली तर तो लोंढा खालच्या बंद केटीवर आदळतो. म्हणून खालचा आधी मोकळा, मग वरचा.

जायकवाडीत वरच्या धरणांतून पाणी सोडावं, 2005 च्या कायद्यात समन्यायी वाटप लिहिलंय, हे आपण चावडीवर तावातावानं सांगतो. नाशिक-नगरनं जे करू नये म्हणतो तेच तीन कोसांवरच्या खालच्या गावाशी करतो. गोदावरीवर नांदेड जिल्ह्यातल्या बाभळी बंधाऱ्याचं काय झालं ते बघा. दोन राज्यांचं जमलं नाही, 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला तारखा ठरवून द्याव्या लागल्या: 1 जुलै ते 28 ऑक्टोबर दारं उघडी, आणि 1 मार्चला 0.6 टीएमसी पाणी खाली सोडायचं. चार गावांनी एका पारावर बसून ठरवायला न्यायालय लागत नाही. कागदावर इतकंच लिहा: कोणती केटी कोणत्या तारखेला, दारं कुणाच्या ताब्यात, पुराचा निरोप कोण देणार. निरोपात ‘पाणी वाढलंय’ असं मोघम नको. ‘आमची किती दारं काढली, किती वाजता’ एवढंच कळवा. पाणी वापर संस्था नोंदलेली असेल तर तिच्या ठरावात घ्या. नसेल तर ग्रामपंचायतीचा ठराव करून केटी ज्या खात्याची आहे त्याला प्रत द्या. शंभर हेक्टरपर्यंतची केटी बहुधा जिल्हा परिषदेकडे असते.

गळती बादलीनं मोजा

दारं टाकली म्हणजे काम झालं असं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी खालच्या अंगानं फिरा. जिथं चूळ भरल्यासारखी धार दिसते तिथं दहा लिटरची बादली धरा. दहा सेकंदांत भरली तर सेकंदाला एक लिटर गळती. दिवसाला 86,400 लिटर. शंभर दिवसांत 8,640 घनमीटर, म्हणजे आठ सेंटिमीटरची एक पाळी धरली तर 26 एकरांचं एक पाणी, एका फटीतून. अशा दहा फटी म्हणजे रात्रंदिवस चालू असलेली पाच एचपीची मोटार.

बुजवायला बाजारातली सीलंटची महाग डबडी नकोत. ओल्या, गंजक्या लोखंडावर ती धड धरत नाहीत आणि उन्हाळ्यात दार काढताना खाचेत चिकटून नवी कटकट होते. शेततळ्याच्या 500 मायक्रॉन कापडाचा उरलेला तुकडा पाण्याच्या अंगानं सोडा, त्याच्या पायाशी मातीची पोती ठेवा. बारीक फटींसाठी चाळलेली राख आणि लाकडाचा भुसा मिसळून फटीच्या वर, पाण्याच्या बाजूनं, हळूहळू सोडा. ओढीनं तो फटीत जाऊन बसतो. चिकणमातीचे गोळे त्यानंतर. मुरूम टाकू नका, तो धरत नाही.

अडलेल्या पाण्यात घाण गेली तर जूनपर्यंत ती तुमचीच

साखर कारखान्यांच्या गाळपाचा हंगाम तोंडावर आहे. वाहत्या नदीतली घाण पुढं जाते, अडवलेल्या डोहातली तिथंच मुरते. काळं-तांबडं, मळीच्या वासाचं पाणी दिसलं किंवा पहाटे मासे वर येऊन तोंड उघडू लागले की पाण्यातला प्राणवायू संपलाय असं समजा. मोटारी बंद करा, जनावरं पाजू नका. नुसता व्हिडिओ फिरवून भागत नाही. ग्रामसेवक किंवा तलाठ्यासमोर पंचनामा करा आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्याला नमुना तिथल्या तिथं घ्यायला लावा.

पाण्याची क्षारता तपासून घ्या. मीटरला 0.75 डेसिसायमनपर्यंत पाणी बिनघोर, 2.25 च्या वर गेलं तर भारी काळ्या जमिनीला ते देऊ नका, रान खारवट होतं. अशा वेळी गावात चुंबक लावलेली नळी विकायला कुणीतरी येतो, ‘क्षार मोडते’ म्हणतो. क्षार मोडत नसतात. ते पैसे तपासणीला घाला. पुरानं खरडलेल्या रानावर ह्युमिकचे कॅन ओतण्याचंही तसंच. माती गेली तिथं माती, गाळ आणि शेणखतच लागतं.

फवारणीचा पंप नदीत धुणं आता तरी बंद करा. पंप तीनदा विसळा आणि ते पाणी रानातच फवारा.

बाकीची कामं, थोडक्यात

- हरभरा बागायत: पेरणी 10 नोव्हेंबरपर्यंत. किलोला ट्रायकोडर्मा 5 ग्रॅम, नंतर दहा किलो बियाण्याला 250 ग्रॅम रायझोबियम.
- हरभऱ्याला पाणी: 30–35 आणि 60–65 दिवसांनी. वाफ्यात पाणी तुंबलं की मर येते.
- घाटेअळी: एकरी 2 कामगंध सापळे, 20 पक्षिथांबे, सुरुवातीला 5 टक्के निंबोळी अर्क. मीटर ओळीत एक-दोन अळ्या दिसल्या तरच इमामेक्टिन बेंझोएट 5 एसजी, दहा लिटरला 4.5 ग्रॅम. दुकानदार सोबत टॉनिक देईल, परत करा.
- गहू: पेरणी 15 नोव्हेंबरपर्यंत. एकच पाणी असेल तर 40–42 दिवसांनी. दोन असतील तर 20–22 आणि 60–65 दिवसांनी.
- रब्बी ज्वारी: कोरडवाहू पेरणी उरली असेल तर ओल बघून लगेच.

ऊस मात्र केटीच्या भरवशावर लावू नका. ऑक्टोबरात डोह कितीही भरलेला दिसला तरी तो मार्च-एप्रिलचं पाणी देत नाही, आणि ऊस जूनपर्यंत तोंड उघडून असतो. 2016 च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते मांजरेच्याच पाण्यावरचं शहर.

बंधाऱ्यापाशी वाळू आणि मे महिना

केटीच्या खालच्या अंगाची वाळू उचलू देऊ नका. तळ खचला की काँक्रीटच्या पायाखालून पाणी झिरपू लागतं आणि मग दारं कितीही घट्ट बसवली तरी डोह टिकत नाही. भरावावरची बेशरम आणि बाभूळ मुळासकट काढा. त्यांची मुळं आत कुजली की तिथं पोकळ्या राहतात, पूर तिथूनच घुसतो.

मेअखेर दारं काढताना प्रत्येकावर ऑइलपेंटनं गाळ्याचा आणि ओळीचा नंबर टाका. रबर वर करून, लाकडी ओंडक्यांवर, सावलीत रचा. नदीकाठी सोडलेली दारं भंगारात जातात, म्हणून ती कुलपाच्या खोलीत हवीत. यादीवर दोन गावांच्या सह्या घ्या, आणि बदलायच्या पट्ट्यांची मीटरमध्ये लांबी त्याच यादीखाली लिहून ठेवा.